निर्जळी एकादशी आणि मधुमेह: सासूबाईंना कसं समजवावं?

रानजाई: सासूबाई ६६ वर्षांच्या, टाइप २. सकाळी ग्लिमेपिराइड, दोन वेळा मेटफॉर्मिन. दर एकादशीला उपास, आषाढीला निर्जळी. गोळ्या मात्र नेहमीसारख्याच. उपास सोडा म्हटलं की "मागच्या जन्मीचं भोगतेय, आता देवही सोडू?" म्हणतात आणि गप्प बसतात.

गोळीबिस्तार: उपाशीपोटी ग्लिमेपिराइड हा खरा धोका. पोटात अन्न असो-नसो, ती इन्सुलिन स्रवायला लावतेच आणि साखर कोसळते. नुसत्या मेटफॉर्मिनने सहसा तसं होत नाही. उपासाच्या दिवशीचा डोस डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. डॅपाग्लिफ्लोझिनसारखी, लघवीतून साखर बाहेर टाकणारी गोळी असेल तर निर्जळी नकोच. साखर फारशी न वाढताही कीटोन (चरबी जळून तयार होणारी आम्लं) वाढू शकतात.

रमजानच्या रोज्यासाठीची मर्यादा इथेही धरा: रक्तातल्या साखरेचा आकडा (mg/dL) ७० च्या खाली किंवा ३०० च्या वर गेला की उपास तिथेच सोडायचा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी. अशा वेळी प्रसादाचा पेढा देऊ नका, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा पोचते. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर चालू असेल तर साखर उतरल्याची धडधड, थरथर जाणवेलच असं नाही; घामाकडे लक्ष ठेवा.

टाळकरी: "उपास सोडा" म्हणूच नका. महाभारताच्या उद्योगपर्वात व्रत न मोडणाऱ्या आठ गोष्टी सांगितल्यात. पाणी, कंदमुळं, फळं, दूध आणि औषध त्यांतच येतात. हे सुनेने सांगण्यापेक्षा त्यांच्या भजनी मंडळातल्या कुणी सांगितलं तर लवकर पटेल. निर्जळीच्या जागी दुसरा नेम हवा, नाहीतर काहीतरी हिरावल्यासारखं वाटतं. संध्याकाळचा हरिपाठ धरा, आणि त्याआधी बोट टोचून साखर बघायची.

खिचडीपासून सावध. ५० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात साधारण ४३ ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे तीन फुलक्यांइतकी, आणि प्रथिनं जवळजवळ नाहीत. राजगिऱ्याची भाकरी, दही, मूठभर दाणे बरे.

मनोविहार: मला गोळीइतकंच ते "भोगतेय" खटकलं. श्रद्धा आधार देतेय की दोष, हे बघा. "विठ्ठल बळ देईल" म्हणणारी व्यक्ती पथ्य सांभाळायला धजते. आजार ही शिक्षा वाटली की औषध कशाला, इथवर मन जाऊ शकतं. वाद घालू नका, "साखर वाढली की मनात काय येतं?" एवढंच विचारा. मधुमेहाच्या मानसिक ताणासाठी २० प्रश्नांची पेड (PAID) नावाची चाचणी आहे. १०० पैकी ४० किंवा जास्त गुण आले तर समुपदेशकाकडे न्या. दोन आठवडे सलग भजनातही मन लागत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर नैराश्याची तपासणी वेगळी करावी लागते.

रानजाई: भगर चालेल का?

टाळकरी: चालेल, पण हिशेब भातासारखाच धरा. पाव वाटी कोरडी, सोबत दाण्याची आमटी. बटाटा त्याच ताटात नको.