नादिया सावचेन्को हेलिकॉप्टर पडल्यामुळे पकडल्या गेल्या का?

प्रश्न:
युक्रेनच्या नादिया सावचेन्को यांचा उल्लेख सगळीकडे 'हेलिकॉप्टर पायलट' असाच येतो. मग 2014 मध्ये त्यांचं हेलिकॉप्टर पाडलं होतं का? आणि युद्धकैद्यावर खुनाचा खटला कसा चालला? सुटल्यावर खासदार होऊनही त्या पुन्हा तुरुंगात का गेल्या?

प्रतिसाद 1:
नाही, त्या जमिनीवर पकडल्या गेल्या. त्या ज्यात काम करायच्या त्या एमआय-24 या लढाऊ हेलिकॉप्टरमध्ये पुढे शस्त्रं आणि दिशादर्शन सांभाळणारा बसतो, मागे उंचावर पायलट. सावचेन्को यांचं काम पुढच्या खुर्चीतलं. रजा घेऊन त्या 'आयदार' या स्वयंसेवक बटालियनमध्ये गेल्या आणि 17 जून 2014 ला पूर्व युक्रेनमधल्या लुहान्स्क शहराजवळ मेतालिस्त गावापाशी रशियाधार्जिण्या फुटीरतावाद्यांच्या हाती लागल्या. पुढे त्या रशियात, वोरोनेझच्या कोठडीत.

खरी मेख इथे आहे. तिसऱ्या जिनिव्हा करारानुसार निव्वळ लढल्याबद्दल युद्धकैद्यावर खटला भरता येत नाही, युद्धगुन्ह्याबद्दल येतो. पण पूर्व युक्रेनमधल्या या युद्धात आपण नाहीच, अशी रशियाची भूमिका. त्यामुळे 'स्वतःहून बेकायदा सीमा ओलांडली' आणि 'तोफमाऱ्याला दिशा देऊन दोन रशियन पत्रकारांच्या हत्येत हातभार लावला' असा साधा फौजदारी खटला उभा राहिला.

प्रतिसाद 2:
बचाव पक्षाचा पुरावा भक्कम होता, असं माझं स्पष्ट मत आहे. मोबाइल टॉवरच्या नोंदींनुसार पत्रकारांवर तोफमारा होण्याच्या आधीच त्यांचा फोन लुहान्स्कमध्ये होता. पकडल्यानंतरच्या व्हिडिओतल्या सावल्यांवरूनही वेळ काढली गेली. रशियन न्यायालयाने ते मानलं नाही: 22 मार्च 2016 ला 22 वर्षांची शिक्षा.

त्यांनी अपील केलं नाही, याला हार समजू नका. अपील नसल्याने निकाल एप्रिलमध्येच अंतिम झाला आणि माफीची वाट मोकळी झाली. 25 मे 2016 ला येरोफेयेव आणि अलेक्सान्द्रोव या दोन रशियन कैद्यांच्या बदल्यात त्या सुटल्या. दोन्ही बाजूंनी आधी शिक्षा, मग राष्ट्राध्यक्षांची माफी. कीव्हच्या विमानतळावर त्या अनवाणी चालत आल्या.

प्रतिसाद 3:
खासदारकी सुटल्यावरची नव्हे. ऑक्टोबर 2014 मध्येच, कोठडीत असताना, युक्रेनच्या संसद निवडणुकीत 'बात्किवश्चिना' पक्षाच्या यादीत पहिलं नाव त्यांचं होतं. डिसेंबर 2016 मध्ये त्यांनी बेलारूसची राजधानी मिन्स्कला फुटीरतावादी नेत्यांची परस्पर भेट घेतली आणि पक्षाशी फाटलं. मार्च 2018 मध्ये संसदेवर सशस्त्र हल्ल्याच्या कटाचा आरोप आला, सभागृहाने खासदार म्हणून अटकेपासून असलेलं संरक्षण काढलं, अटक झाली. एप्रिल 2019 मध्ये कोठडीची मुदत संपल्याने बाहेर आल्या. जुलैच्या निवडणुकीत पडल्या.

प्रतिसाद 4:
रशियन कोठडीतल्या उपोषणाचं सांगायचं राहिलं. 13 डिसेंबर 2014 पासून त्या 80 हून अधिक दिवस उपाशी होत्या. इतक्या उपासानंतर पोटभर जेवण जिवावर बेततं: इन्सुलिन वाढतं, रक्तातलं फॉस्फेट आणि पोटॅशियम पेशींत ओढलं जातं, हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून आधी थायमिन (ब1 जीवनसत्त्व), मग थोडं थोडं अन्न आणि रोज रक्ततपासणी.