'जीवरक्षक प्रणाली' की 'जीवनाधार प्रणाली'?

प्रश्न : गगनयान मोहिमेविषयीच्या मराठी मजकुराचे संपादन करताना एक अडचण आली आहे. 'लाइफ सपोर्ट सिस्टिम'साठी वृत्तपत्रांत 'जीवरक्षक प्रणाली' हा शब्द सर्रास येतो. अंतराळयानाच्या संदर्भात तो नेमका आहे का? तसेच 'हॅबिटॅबिलिटी'साठी 'वसतियोग्यता' वापरावे का?

उत्तर १ : समुद्रकिनाऱ्यावरचा जीवरक्षक असो की जीवरक्षक औषध, मराठीत हा शब्द संकट कोसळल्यावरच्या मदतीसाठी रुळला आहे. अंतराळ स्थानकातील यंत्रणा मात्र संकटाची वाट पाहत नाही. ती पाण्याचे विद्युत अपघटन करून प्राणवायू तयार करते, उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड जिओलाइट या वायू शोषून घेणाऱ्या सच्छिद्र खनिजाच्या साहाय्याने हवेतून काढून घेते आणि मूत्र, घाम व हवेतील बाष्प यांपासून पुन्हा पिण्याचे पाणी मिळवते. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाने २०२३ मध्ये ९८ टक्के पाणी परत मिळवण्याचे उद्दिष्ट गाठले. अखंड चालणाऱ्या अशा व्यवस्थेला 'जीवनाधार प्रणाली' म्हणणे मला अधिक योग्य वाटते.

उत्तर २ : 'जीवनाधार' या शब्दाला भजनाचा थोडा वास आहे, तरीही मी सहमत आहे, मात्र 'जीवरक्षक' अगदी टाकून देऊ नये. जून १९७१ मध्ये सोयूझ ११ हे सोव्हिएत यान परतत असताना यानाचे भाग विलग होताना हवेचा दाब समतोल राखणारी झडप अवेळी उघडली, आतली हवा निघून गेली आणि दाबपोशाख (अंगाभोवती हवेचा दाब टिकवणारा पोशाख) अंगावर नसल्यामुळे तिन्ही अंतराळवीर दगावले. त्यानंतर सोयूझमध्ये उड्डाण व परतीच्या वेळी 'सोकोल' दाबपोशाख घालणे बंधनकारक झाले. हा पोशाख खऱ्या अर्थाने जीवरक्षक आहे, कारण मुख्य व्यवस्था कोलमडली तरच त्याची गरज भासते. अपोलो १३ या अमेरिकी चांद्रमोहिमेत ही सीमारेषा पुसट झाली होती. मुख्य यानात बिघाड झाल्याने अंतराळवीरांनी चंद्रावर उतरण्यासाठीच्या छोट्या यानात आसरा घेतला होता. मुख्य यानातील, कार्बन डायऑक्साइड शोषणाऱ्या लिथियम हायड्रॉक्साइडचे चौकोनी डबे या छोट्या यानातील गोल जागेत बसत नव्हते, म्हणून पुठ्ठा, प्लॅस्टिकच्या पिशव्या, नळी आणि चिकटपट्टी वापरून ते जोडावे लागले. मूळ जागी तेच डबे जीवनाधाराचा भाग होते, इथे मात्र ते जीवरक्षक ठरले.

उत्तर ३ : 'वसतियोग्यता' हा शब्द ग्रहांसाठी राखून ठेवावा. तिथे प्रश्न जीवसृष्टी तग धरेल का, एवढाच असतो. यानाच्या बाबतीत मात्र माणूस तिथे महिनोन्‌महिने राहून नीट काम करू शकेल का, असे विचारायचे असते. स्कायलॅब या अमेरिकी अंतराळ स्थानकाच्या आराखड्यासाठी नासाने रेमंड लोई या औद्योगिक संकल्पनाकाराचा सल्ला घेतला, तेव्हा त्याने खिडकी हवी असा आग्रह धरला. खिडकीवाचून कोणी गुदमरत नाही, त्यामुळे ती जीवनाधारात मोडत नाही. पण तिच्यावाचून राहणे कठीण होते. प्रकाशाचेही तसेच आहे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ९० मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करते, त्यामुळे दिवसाला सोळा सूर्योदय दिसतात आणि झोपेचे वेळापत्रक बिघडू शकते. म्हणूनच तिथे रंगछटा बदलता येणारे एलईडी दिवे बसवण्यात आले. झोपण्याच्या कप्प्यात हवा खेळती ठेवण्याचे काम मात्र दोन्ही सदरांत येते : गुरुत्वाचा प्रभाव जाणवत नसल्याने उष्ण हवा आपोआप वर जात नाही आणि पंखा नसेल तर उच्छ्वासातला वायू चेहऱ्याभोवतीच साचतो. या सगळ्यासाठी मी 'वास्तव्यसुलभता' सुचवतो. शब्द लांबलचक आहे, हे मान्य.

प्रश्नकर्ता : 'जीवनाधार' आणि 'वास्तव्यसुलभता' हे दोन्ही शब्द स्वीकारतो. मात्र यंत्रणेच्या पूर्ण नावात 'एन्व्हायर्न्मेंटल कंट्रोल'ही येते आणि 'पर्यावरण नियंत्रण' असे छापले तर वाचकाला नदी आणि जंगल आठवेल.

उत्तर १ : इथे अभिप्रेत आहे ते कक्षातील दाब, तापमान, आर्द्रता आणि वायूंचे प्रमाण. तेव्हा 'कक्ष-वातावरण नियंत्रण व जीवनाधार प्रणाली' असे छापावे.