मदत हवी आहे: दिव्यांग म्हणून पणजीच्या कॅसिनोत घेतलं नाही, केस कुठे टाकायची?

मनीषा_सांगली: मागच्या शनिवारी आम्ही पाच जण गेलेलो, पैसे ऑनलाइन भरलेले, काउंटरवर हाताला पट्टे पण बांधले आणि मग सुपरवायझर येऊन म्हणतो ह्यांना नाही जाता येणार, सेफ्टी आहे, आणि दादाच्या मनगटावरचा पट्टा सगळ्यांदेखत कात्रीने कापला. केस कुठे टाकायची तेवढं सांगा, लवकर प्लीज.

नाना६४: दिसत नाही की चालता येत नाही? हॉटेलातला कॅसिनो का मांडवी नदीतल्या बोटीवरचा?

शेवंती: गोव्याचे रहिवासी असाल तर २०२० पासून बंदीच आहे. आणि २१ पूर्ण लागतं.

मनीषा_सांगली: अहो आम्ही सांगलीचे, दादा ३८ चा आहे! व्हीलचेअर आहे. मांडवीतला. जेटीवरून छोट्या बोटीत जायला फळी टाकतात, आम्ही उचलून नेतो म्हटलं तरी नाही.

साधाभोळा: मुळात जुगाराला जायचंच कशाला?

मनीषा_सांगली: त्याला गाणी ऐकायची होती, जेवायचं होतं. आणि खेळायचं असतं तरी पट्टा का कापायचा?

कलमवाला: २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ३ बघा, भेदभावाला बंदी आहे. गोव्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे लेखी तक्रार करा. जीजा घोष या दिव्यांग बाईंना २०१२ साली विमानातून उतरवलं होतं, सुप्रीम कोर्टाने २०१६ मध्ये १० लाख भरपाई दिली.

रंकाळा: आयुक्त शिफारस करतात, पुढे तुम्हीच पळा. मी हॉटेलवाल्याविरुद्ध ग्राहक आयोगात गेलेलो. २०१९ च्या कायद्याने राहत्या जिल्ह्यात, म्हणजे सांगलीतच टाकता येते, फक्त दोन वर्षांच्या आत. मानसिक त्रासाचे पण मागा.

कलमवाला: त्याने त्यांच्या जेटीला रॅम्प येणार आहे का? उद्या दुसरा कुणी जाईल त्याचं काय?

रंकाळा: आधी ह्या माणसाचं बघा हो.

नाना६४: ओहोटीला फळी फार तिरकी होते, मी बघितलंय, सेफ्टीचं म्हणणं अगदीच खोटं नाही. पण मग पैसे घेतानाच सांगायचं. ताई, पैसे परत मिळाले का? काही लिहून घेतलं?

मनीषा_सांगली: त्याचे एकट्याचे मिळाले. एका कागदावर सही घेतली, दादाने वाचलं नाही, तो रडत होता.

रंकाळा: हे आधी सांगायचं ना! आजच कॅसिनोला मेल टाका, त्या कागदाची प्रत द्या आणि जेटीवरचं सीसीटीव्ही फुटेज जपून ठेवा म्हणून. पट्टा आहे का?

मनीषा_सांगली: आहे, दोन्ही तुकडे.