पती ब्रिटिश आणि आयरिश दोन्ही. माझ्यासाठी कोणता अर्ज? मदत हवी आहे

मनवा_पुणे
नमस्कार. माझे पती ब्रिटन व आयर्लंड अशा दोन्ही देशांचे नागरिक आहेत, माझा पासपोर्ट भारतीय आहे. ब्रिटनच्या जोडीदार व्हिसाचे शुल्क आणि त्यावर वर्षाला १,०३५ पौंड आरोग्य अधिभार पाहून आम्ही हबकलो आहोत. आयरिश पासपोर्टच्या आधारे युरोपीय नियमांखाली फुकट परवाना मिळतो असे एका सल्लागाराने सांगितले, आणि पैसे घेतल्यापासून तो फोन उचलत नाही. कोणता अर्ज भरायचा एवढेच कृपया लवकर सांगावे.

कलमबहाद्दर
पतींचा जन्म कुठला, लग्न केव्हा झाले, आणि ते सध्या कुठे राहून किती कमावतात, हे कळल्याशिवाय दिलेले कोणतेही उत्तर म्हणजे त्या सल्लागाराचीच पुढची आवृत्ती ठरेल.

डब्लिनवासी
एवढ्या चौकशा कशाला? सरळ आयर्लंडला या. आम्ही २०२२ मध्ये अर्ज केला तेव्हा आयरिश जोडीदाराने मागील तीन वर्षांत मिळून ४०,००० युरो कमावलेले असणे पुरेसे होते. भारतातून दीर्घ मुक्कामाचा ‘डी’ व्हिसा घेऊन आल्यावर स्टँप ४ हा निवास परवाना मिळाला, आणि त्यावर वेगळ्या परवान्याशिवाय नोकरी करता येते.

मनवा_पुणे
जन्म मँचेस्टरचा, आजी कॉर्कची, म्हणून आयरिश नागरिकत्व. नोंदणी विवाह २०२३ मध्ये पुण्यात झाला, ओळखच मुळी २०२१ मधली. याचा व्हिसाशी काय संबंध, ते मला कळले नाही.

कलमबहाद्दर
संबंध आहे, आणि तोच निर्णायक आहे. ब्रेक्झिटनंतर युरोपीय नागरिक व त्यांच्या कुटुंबीयांसाठी असलेल्या ज्या विनाशुल्क योजनेबद्दल (ईयू सेटलमेंट स्कीम) तुम्हाला सांगितले गेले, तिच्यात नंतर येणाऱ्या जोडीदारासाठी नाते ३१ डिसेंबर २०२० पूर्वीचे असावे लागते, त्यामुळे तुमचा प्रश्न तिथेच मिटतो. नाते जुने असते तरीही अडचण होतीच, कारण आयुष्यभर ब्रिटनमध्येच राहिलेल्या दुहेरी नागरिकाला केवळ आयरिश पासपोर्ट दाखवून युरोपीय हक्क सांगता येत नाहीत, असे युरोपीय न्यायालयाने मॅकार्थी प्रकरणात २०११ मध्येच स्पष्ट केले होते. उत्तर आयर्लंडमध्ये जन्मलेल्यांच्या कुटुंबीयांना ऑगस्ट २०२० पासून सवलत मिळाली, ती तिथल्याच एमा डिसूझा यांनी पतीच्या निवासहक्कासाठी दिलेल्या न्यायालयीन लढ्यानंतर (आडनाव गोव्याचे वाटले तरी प्रकरण तिकडचेच). मँचेस्टरला तिचा उपयोग नाही.

भटक्या_सातारकर
सुरिंदर सिंग निकाल कसा विसरलात? १९९२ चा आहे, आणि तोही आपल्या भारतीय माणसाचा! पत्नी ब्रिटिश, दोघांनी जर्मनीत नोकरी केली आणि मग युरोपीय हक्काने ब्रिटनमध्ये परतले. ताईंनीही काही महिने पोर्तुगालला काढावेत.

कलमबहाद्दर
त्या मार्गाने ब्रिटनमध्ये परतण्याची मुदत २९ मार्च २०२२ रोजी संपली. आज तो आयर्लंडमध्ये परतण्यापुरताच उरला आहे. शिवाय आधी दुसऱ्या युरोपीय देशात दोघांनी खरोखर एकत्र राहिलेले असावे लागते, सहल म्हणून नव्हे.

भटक्या_सातारकर
मग पोर्तुगालमध्येच राहावे. तिथे पती आयरिश म्हणून काम करू शकतात आणि पत्नीला निवासपत्र मिळते. एवढा मुद्दा तरी मान्य करा.

कलमबहाद्दर
मान्य आहे, पण ताईंना मँचेस्टरला जायचे आहे.

नाना_चिंचवड
मी म्हणतो, जायचेच कशाला? विवाह नोंदवून दोन वर्षे झाली असतील, तर जावईबापूंना भारतात राहण्यासाठी ओसीआय कार्ड मिळू शकते. पुण्यात काय कमी आहे?

मनवा_पुणे
नाना, आपला सल्ला आईला फार आवडेल, पण पतींचे वृद्ध वडील तिथे एकटे आहेत. पतींचा पगार वर्षाला २४,००० पौंड असून नोकरी दोन वर्षांपासून एकाच ठिकाणी आहे. माझा पगार धरून व्हिसाच्या अटीचे वर्षाला २९,००० पौंड उत्पन्न आमचे सहज होते.

कलमबहाद्दर
म्हणजे अर्ज ब्रिटनच्या जोडीदार व्हिसाचाच. तो तुम्ही भारतातून करणार असल्याने तुमचा पगार मोजला जाणार नाही, मात्र तुमची बचत मोजली जाते, आणि हे अनेकांना ठाऊक नसते. ११ एप्रिल २०२४ पासून अट २९,००० ची आहे, म्हणजे तुम्हाला ५,००० कमी पडतात. ती तूट अडीचपट करून त्यात १६,००० मिळवायचे, म्हणजे दोघांची मिळून २८,५०० पौंड रोख बचत सलग सहा महिने खात्यात असावी लागेल. पतींच्या सहा महिन्यांच्या पगारपत्रकांतील निव्वळ रक्कम आणि बँकेत जमा झालेली रक्कम महिन्यागणिक ताडून पाहा.

डब्लिनवासी
एवढे पैसे अडकवून ठेवण्यापेक्षा उत्तर आयर्लंडमध्ये बेलफास्टला राहिलात तरी चालेल, कारण आयरिश नागरिकाच्या जोडीदाराला आयरिश नागरिकत्वासाठी संपूर्ण आयर्लंड बेटावरचे वास्तव्य धरले जाते.

कलमबहाद्दर
माहिती बरोबर आहे, परंतु बेलफास्टला राहण्यासाठीही ब्रिटिश व्हिसाच लागतो आणि अट तीच २९,००० ची आहे. वडिलांना सोडून जाता येत नसेल, तर हा मुद्दा इथेच थांबवावा.

मनवा_पुणे
माझ्या नावावर मुदत ठेव आणि पीपीएफ आहे, शिवाय बाबा काही रक्कम द्यायला तयार आहेत. हे सारे चालेल का?

कलमबहाद्दर
मुदत ठेव दंड भरून का होईना, केव्हाही मोडता येत असेल तर चालेल. पीपीएफ तसा मोडता येत नाही, म्हणून तो धरू नका. बाबांची रक्कम भेट असावी, उसनवार नव्हे, आणि ती तुमच्या खात्यात आल्यानंतरचे सहा महिने मोजावेत, म्हणून ती आजच वळती करून घ्या.