वादविवादात भूमिका बदलणं आणि विसंगती: फरक कसा ओळखायचा?

तर्कटी:
परीक्षणासाठी विचारतोय. विषय: ‘शाळेत मोबाइलवर बंदी असावी’. अनुकूल वक्त्याचं कारण: स्क्रीनमुळे लक्ष उडतं. खंडनाच्या फेरीत तोच म्हणतो, अभ्यासासाठी शाळेने टॅब द्यावेत. प्रतिपक्ष लगेच ‘वदतोव्याघात!’ म्हणतो, म्हणजे स्वतःचंच बोलणं स्वतः खोडलं. हा खरंच वदतोव्याघात आहे का?

घटपट:
नाही. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी असतील अशी एक तरी परिस्थिती कल्पिता येते का, एवढंच बघायचं. मोबाइल बंद, शाळेचे टॅब चालू. येते की! निष्कर्षांचं आपसात भांडण नाही.

भांडण कारणाशी आहे. वक्त्याने न उच्चारलेली व्याप्ती, म्हणजे कारणामागचा सरसकट नियम, कागदावर लिहून काढा: ‘ज्याला स्क्रीन आहे ते वर्गात नको.’ आता तीन विधानं झाली: ही व्याप्ती, ‘टॅबला स्क्रीन असतो’ आणि ‘वर्गात टॅब हवेत’. यातली कोणतीही दोन एकत्र नांदतात, तिन्ही नाही. एक सोडावंच लागेल आणि टॅबला स्क्रीन असतो हे तर कुणी नाकारणार नाही. परीक्षक निष्कर्ष ताडून बघतात, कारणं बघत नाहीत, म्हणून हे निसटतं.

वितंडक:
यापुढे वक्ता काय करतो ते बघण्यासारखं असतं. न्यायसूत्रांच्या, म्हणजे न्याय या प्राचीन भारतीय तर्कशास्त्राच्या मूळ ग्रंथाच्या, पाचव्या अध्यायात २२ निग्रहस्थानं, म्हणजे वादी हरला असं मानायच्या जागा, दिल्या आहेत. ‘स्क्रीन म्हणजे मला इंटरनेटवाला स्क्रीन म्हणायचा होता’ अशी शेपटी मागाहून जोडली तर हेत्वन्तर, म्हणजे कारण बदलणं. ‘बंदी हवी असं मी म्हणालोच नाही’ म्हटलं तर प्रतिज्ञासंन्यास, म्हणजे मूळ दावाच नाकारणं.

प्रतिज्ञाहानीचं, म्हणजे स्वतःचा दावा स्वतःच बुडवण्याचं, जुनं उदाहरण तर मजेदार आहे. वादी: शब्द (म्हणजे ध्वनी) अनित्य, कारण तो इंद्रियांना कळतो, घटासारखा. प्रतिवादी: घटत्व ही जातीही (सगळ्या घटांतला समान घटपणा) इंद्रियांना कळते, पण ती नित्य आहे. वादी: मग घटही नित्य असू दे! स्वतःचाच दृष्टान्त बुडवला.

तर्कटी:
म्हणजे कारणात दुरुस्ती केली की गुण कापायचेच? हे जरा कडक वाटतं. आणि ‘तुम्ही स्वतः दिवसभर फोन वापरता’ या टोमण्याचं काय?

घटपट:
टोमण्याला शून्य. ती वक्त्याच्या वागण्यातली विसंगती आहे, युक्तिवादातली नाही. सिगारेट ओढणाऱ्या डॉक्टरने ‘सिगारेट वाईट’ म्हटलं तर ते खोटं ठरत नाही.

दुरुस्तीबाबत माझं मत वेगळं आहे. न्यायशास्त्रात वाद, जल्प आणि वितंडा (स्वतःची बाजू न मांडता फक्त समोरच्याचं खोडणं) असे कथेचे, म्हणजे चर्चेचे, तीन प्रकार आहेत. वाद सत्य शोधण्यासाठी, तिथे सगळी निग्रहस्थानं उगारायची नसतात. स्पर्धा म्हणजे मात्र जल्प, जिंकण्यासाठीच. तरीही ‘आधीचं कारण फार व्यापक होतं, ते मागे घेतो’ असं उघड म्हणणाऱ्याचा तेवढा मुद्दाच बाद करा, वेगळा दंड नको. गुपचूप शेपटी जोडणाऱ्याचे मुद्द्याचे गुण कापाच, खंडनाचेही कापा.

वितंडक:
एक पुरवणी. ‘सगळ्यांचं लक्ष उडतं’ आणि ‘कुणाचंच उडत नाही’ ही दोन्ही विधानं एकदम खोटी असू शकतात. पहिलं पाडलं म्हणून दुसरं सिद्ध झालं असं धरून गुण देऊ नका. टिपण घेताना ‘सगळे’, ‘काही’, ‘बहुतेक’ हे शब्द जसेच्या तसे उतरवा, नाहीतर नंतर ताडून बघायला हाती काहीच उरत नाही.