रायझोबियमचं (मुळावर गाठी करून पिकाला नत्र देणाऱ्या जिवाणूंचं) उरलेलं पाकीट चालंल का?

वाळव्याचा शेतकरी: सोयाबीनला आणलेली रायझोबियमची 2 पाकिटं गेल्या जूनपासून पत्र्याच्या खोलीत खताच्या पोत्यावर पडून होती, काळी भुकटी पार वाळून खडा झालीय, यंदा वापरू का?

कोरेगावकर: टाका उकिरड्यावर दादा. जिवंत असतंय ते, काळी भुकटी म्हणजे लिग्नाइट कोळसा, त्यातली ओल गेली की जिवाणू मरतात, पत्र्याखाली मे महिन्यात काय राहणार?

मिरज साईड: फ्रिजात ठेवायचं, पण बर्फाच्या कप्प्यात नको. आमची ही ओरडते ते वेगळं 😄 10 किलो बियाण्याला 250 ग्रॅम, बुरशीनाशक आधी, हे शेवटी, सावलीत सुकवून लगेच पेरा.

वाळव्याचा शेतकरी: हरभऱ्याचं ताजं पाकीट आहे, ते चालंल?

कोरेगावकर: नाही, हरभऱ्याच्या जिवाणूंचा गट वेगळा. महिन्याभराने रोप उपटून मुळावरची गाठ फोडा, आत लालसर दिसली तर काम चालू.