बाईकच्या ब्रेकचा आवाज: कशाने आला, कशाने गेला?

'ब्रेक दाबला की गाडी ओरडते' म्हणत गॅरेजला गेलं की उत्तर ठरलेलं असतं: पॅड टाकून घ्या. पॅड टाकतात, पैसे जातात आणि चार दिवसांनी पुन्हा तीच कुईकुई सुरू होते. आवाज कसा आहे आणि कधी येतो हे कोणी विचारतच नाही. म्हणून हा धागा. पुढचा ब्रेक की मागचा, डिस्क (बाहेर दिसणारी चकती) की ड्रम (चाकाच्या मधला बंद डबा), हे आधी लिहा. मग आवाज कसा होता आणि शेवटी काय केल्यावर थांबला ते सविस्तर सांगा.

माझ्यापासून सुरुवात. १५० सीसीची गाडी, पुढे डिस्क. सिग्नलला हळू थांबताना बारीक किंचाळी यायची, ब्रेक जोरात दाबला की बंद व्हायची. पॅड बाहेरून पाहिले तर निम्म्याहून जास्त शिल्लक. कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) उतरवल्यावर कळलं की ज्या दोन पिनांवर तो सरकतो, त्यांतली एक कोरडी ठाक पडून गंजली होती आणि हाताने ओढून निघेना. कॅलिपर सरकला नाही की पॅड सरळ टेकत नाही, डिस्कवर थरथरतो, आणि ती थरथर म्हणजेच हा आवाज. आतला पॅड एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पातळ झिजला होता. पिना घासून साफ केल्या, रबरी बूट नवे घातले, ब्रेकसाठी मिळणारं सिलिकॉन ग्रीस लावलं. साधं चाकाचं ग्रीस इथे अजिबात नको, त्याने रबर फुगतं. तिरके झिजलेले पॅड मात्र बदलावेच लागले.

चिपळूणहून

आमच्याकडे जून ते सप्टेंबर हा प्रश्न घरोघरी. रात्रभर गाडी पावसात राहिली की सकाळी डिस्कवर तांबूस थर येतो आणि पहिल्या काही ब्रेकला खरखर होते. रस्त्याला लागल्यावर ती आपोआप जाते, त्यासाठी काही उघडू नका. दुपारपर्यंत खरखर राहिली तर मात्र पॅड आणि डिस्कमध्ये लाल माती अडकलेली असते. मी संध्याकाळी घरी आलो की नळाच्या साध्या पाण्याने कॅलिपर धुतो, पण गाडी गार झाल्यावरच. घाट उतरून आल्या आल्या तापलेल्या डिस्कवर पाणी मारू नये.

इस्लामपूरहून, माझं गॅरेज आहे

सगळे डिस्कचंच लिहितायत, पण आमच्याकडे येणाऱ्या १०० सीसीच्या बहुतेक गाड्यांना दोन्हीकडे ड्रम असतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी आवाज कुठल्या चाकाचा ते नक्की करा. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना सीबीएस (दोन्ही ब्रेक जोडणारी सोय) किंवा एबीएस (चाक जाम होऊ न देणारी सोय) सक्तीचं झालं. सीबीएस असेल तर मागचा ब्रेक दाबल्यावर पुढचाही थोडा लागतो. गिऱ्हाईक 'मागून आवाज येतो' म्हणतं आणि ओरडत असतो पुढचा ड्रम. डबल स्टँडवर लावून एकेक चाक हाताने फिरवत ब्रेक दाबून बघा.

चाक काढलं की आतली काळी भुकटी हवा मारून उडवू नका. जुन्या लायनरमध्ये (ड्रमला आतून टेकणाऱ्या शूवरचा घासणारा थर) अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ते फुप्फुसात जातं. ओल्या फडक्याने पुसा. मग लायनर उजेडात तिरका धरा. काचेसारखा चकाकत असेल तर तो वरून भाजला आहे, तो ब्रेक ओरडणारच आणि पकडही कमी देणार. जाडी चांगली असेल तर जाड पॉलिश पेपरने चकाकी जाईपर्यंत घासायचा आणि दोन्ही टोकांची धार मोडायची. ड्रमही आतून हलका घासायचा. शू उघडणारा कॅम काढून साफ करायचा आणि ग्रीसचा नुसता हात फिरवायचा. जास्त लावलं तर गरम होऊन लायनरवर उतरतं. ग्रीस प्यायलेला लायनर पेट्रोलने धुऊन वापरू नका, नवीनच टाका.

शू नवे टाकूनही ब्रेक नीट लागत नसेल तर ड्रम मोजा. कमाल व्यास बहुधा हबवरच (चाकाच्या मधल्या भागावर) कोरलेला असतो. ११० मिमीचा ड्रम १११ च्या पुढे गेला असेल तर तो बाद.

पुण्याहून

पुढे-मागे डिस्क. वॉशिंग सेंटरमधून गाडी घेतली आणि पहिल्याच चौकात पुढचा ब्रेक कण्हल्यासारखा वाजला आणि गाडी थांबेना. मागच्या ब्रेकवर कशीबशी थांबवली. चाकं चमकावी म्हणून तिथल्या मुलाने पॉलिश फवारलं होतं आणि ते डिस्कवर गेलं होतं. डिस्क ब्रेक क्लीनरने स्वच्छ झाली, पण पॅडमध्ये मुरलेलं तेल निघालं नाही, ते फेकावे लागले. मैत्रिणींनो, धुवायला देताना आधीच सांगा: चाकाला पॉलिश नको. मला यात आवाजापेक्षा न लागणाऱ्या ब्रेकची जास्त भीती वाटते.

सावंतवाडीहून

आंबोली घाट उतरताना भावाच्या गाडीतून लोखंडावर लोखंड घासल्यासारखी करकर यायला लागली. तिथेच थांबलो. पॅडचा मसाला संपून मागची पत्र्याची प्लेट डिस्कला लागली होती. डिस्कवर नख अडकेल एवढ्या चऱ्या पडल्या होत्या. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते, आमची त्याखाली गेली होती, म्हणजे पॅडच्या कितीतरी पट खर्च. किंचाळी ऐकून घरापर्यंत जाता येतं, करकर ऐकल्यावर गाडी पुढे नेऊ नये.

बंगळूरहून

माझ्या गाडीला ब्रेक दाबताना एकदाच 'कट्ट' व्हायचं, खड्ड्यातही. पॅड बदलून झाले, फरक नाही. शेवटी पुढचा ब्रेक घट्ट धरून गाडी पुढे-मागे हलवली आणि हँडलखाली, जिथे फोर्क चेसीला मिळतो तिथे, बोट लावलं. धक्का तिथे जाणवला. कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) ढिला होता, ब्रेकचा काही संबंध नव्हता.

नाशिकहून

ड्रमवाल्या दादांना एक विचारायचं आहे. चेन टाइट करून आणल्यापासून मागचं चाक सतत 'सर्र सर्र' करतंय, ब्रेक न दाबताही. काय असेल?

इस्लामपूरहून

चेन ताणताना चाक मागे सरकतं, ब्रेकचा रॉडही सोबत ओढला जातो आणि शू टेकून राहतात. थोडं चालवून हबच्या जवळ हात न्या, धग लागली तर हेच आहे. रॉडच्या टोकाचा नट सैल करा, पेडल दोन-तीन सेंटीमीटर मोकळं दबल्यावर ब्रेक लागायला हवा. चाक हाताने फिरवून आवाज गेला का बघा. शेवटी मागचा दिवा पेडलबरोबर लागतो का तेही पाहा, त्याचा स्विचही तिथेच असतो.